अनशापोटी

"अवं, कुलर बंद कर म्हटलं ना तुले! का कानात कापूस भरला?"

मे महिना होता. बाहेर भंडाऱ्यातलं कुत्रंसुद्धा नालीतून उठायला तयार नव्हतं आणि ललिताबाई आतल्या खोलीत रजई हनुवटीपर्यंत ओढून कुडकुडत पडल्या होत्या. गळ्यावर, जिथे ठुशी बसते तिथे, ऑपरेशनची लालसर रेघ होती. दाराशी तांदूळ निवडत बसलेली त्यांची धाकटी जाऊ रंजिता हे ऐकून उठली. उठली म्हणजे आधी तिने एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा, मग थोडा वेळ तशीच राहिली. पुढे काय करायचं असतं ते आठवत असावी. ललिताबाईंनी डोळे मिटून घेतले. हे उठणं त्यांना बघवत नसे. म्हैस बरी, ती निदान दूध देते, असं त्या शेजारणींना सांगत.

"मलेबी थंडीच वाजून राहिली होती, बाई," बटण बंद करून रंजिता म्हणाली. तिचा आवाज जाड होता, घशात घोंगडं अडकल्यासारखा.

"तुले कायची थंडी? तुले काम दिसलं का थंडी वाजते."

रंजिता पुन्हा तांदळाशी जाऊन बसली. ती उलट बोलत नसे. ललिताबाईंच्या मते बोलायलाही कष्ट पडतात, म्हणून.

ललिताबाईंना माणसं आवडत नसत असं नाही, पण त्यांच्या मापात कोणी बसतच नसे. नवरा कृष्णराव म्हणजे मेंढा, कोणी हाकलं तर चालणार. दीर हेमराज दिवसभर पानठेल्यावर राजकारण करून संध्याकाळी थकून येणारा. गिऱ्हाईक म्हणजे कोसा रेशीम आणि पॉलिस्टर यांतला फरक न कळणारी जनावरं. पण घरचं साड्यांचं दुकान त्यांच्याच जिभेवर चालायचं, हे खरं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि तिकडची गिऱ्हाइकं तिकडेच थांबू लागली, तेव्हा बाजारातली दोन कोशाची दुकानं बसली. यांचं टिकलं. ललिताबाई गादीवर बसून पदर असा फेकायच्या की समोरची बाई लग्न नसतानाही शालू घेऊन जायची. घेतलं नाही तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार ती पायरी उतरायच्या आत व्हायचा.

सगळ्यात मोठा तिरस्कार त्यांनी रंजितासाठी राखून ठेवला होता. साकोलीकडच्या धानवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा चवळीची शेंग होती. दोन-तीन वर्षांत काय झालं कोण जाणे, अंगानं सुटली, चेहरा फुगला, वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली. भाजी फोडणीला टाकून तिथेच भिंतीला टेकून झोपायची. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकलं नाही. ललिताबाईंनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं आणि ते नाव घरातून दुकानात, दुकानातून गल्लीत गेलं. मोहाडीहून माल घेऊन येणारे विणकरही विचारू लागले, "गोगलगाय चहा आणते का आज, का उद्या?"

एकदा, दुसरं मूल गेलं त्यानंतर, रंजितानं जेवणं चालू असताना विचारलं होतं, "मले एकदा डॉक्टरले दाखवाले नेता का? अंगात जीवच नाही वाटत."

"आळसाले औषध निघालं का वं आता?" ललिताबाई म्हणाल्या. हेमराज घास तोंडात असतानाच हसला. कृष्णरावांनी ताटात बघितलं. तो विषय तिथेच संपला.

ललिताबाईंच्या स्वतःच्या गळ्याला मात्र गोळा आला. कैऱ्यांच्या दिवसांत लिंबाएवढा होता, पुढच्या कैऱ्यांपर्यंत पेरूएवढा झाला. त्यांनी पदर गळ्याभोवती घ्यायला सुरुवात केली आणि कोणी बघितलं तर बघणाऱ्याकडे असं बघितलं की तो रस्ता बदलायचा. पण उताणं झोपलं की श्वास अडकू लागला तेव्हा नागपूर गाठावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइडची गाठ पुरती काढून टाकली, कॅन्सर नाही म्हणून सांगितलं आणि जन्मभर घ्यायची एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. रायपूरला दिलेली लेक तीन दिवस राहून गेली. दवाखान्यात बाकीचे दिवस खाटेखाली चटई टाकून झोपली ती रंजिता. झोपायला तिला जागा लागतच नाही, असं ललिताबाई वॉर्डातल्या बायकांना सांगत.

गोळीनं महिनाभरात पूर्ववत व्हाल, असं म्हटलं होतं. झालं उलटंच. जखम भरली आणि बाई विझत गेल्या. मे महिन्यात रजई लागू लागली. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. पोट साफ होईना, बांगड्या मनगटात रुतल्या, जीभ जड झाली. सकाळी डोळे उघडले की आता उठायचं आहे या विचारानंच रडू येई.

तरी हट्टानं त्या एक दिवस दुकानात जाऊन बसल्या. तुमसरहून एक कुटुंब नवरीची साडी घ्यायला आलं होतं. मुलीच्या आईनं हिरवा काठ मागितला. ललिताबाईंनी लाल काठ काढला. तिनं पुन्हा हिरवा म्हटलं, तर त्यांनी तोच लाल पुन्हा उलगडला. मग पदरावरच्या नक्षीला काय म्हणतात तो शब्दच आठवेना. उभा जन्म ज्यात गेला तो शब्द. आठवता आठवता त्यांची मान कधी कलली त्यांनाही कळलं नाही. जाग आली ती कृष्णरावांच्या आवाजानं. ते गिऱ्हाइकाला हलक्या आवाजात सांगत होते,

"माफ करा जी. आमच्या घरी पहिले एक गोगलगाय होती, आता दोन झाल्या."

गिऱ्हाईक हसलं. कृष्णरावही हसले. तीस वर्षांत त्यांच्या नवऱ्यानं चारचौघांत केलेला हा पहिला विनोद. ललिताबाईंनी त्याला फाडून खायला तोंड उघडलं. पण जीभ टाळूलाच चिकटून राहिली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, "मले डॉक्टरकडे न्या."

भंडाऱ्यात नवी आलेली डॉक्टरीण बघताच त्यांनी नाक मुरडलं. लेकीच्या वयाची पोरगी, कानात इवल्या रिंगा. हिला काय कळणार? बरोबर पिशवी धरायला रंजिता होती, ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

"गोळी कशी घेता?" डॉक्टरनं विचारलं.

"साऱ्या जगासारखी. चहासोबत."

"आणि ही कॅल्शियमची?"

"तीबी सोबतच. तोंड एकदाच कडू करावं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "काकू, मग तुम्ही गोळी घेतच नाही आहात. चहा आणि कॅल्शियम तिला रक्तात जाऊच देत नाहीत. ती सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. नागपूरला कुणी सांगितलं नाही?"

मागून जाड आवाज आला. "सांगितलं होतं. मले सांगितलं. मी बाईले सांगितलं होतं."

ललिताबाईंना आठवलं. नागपूरहून परत येताना गाडीतच रंजितानं सांगायला सुरुवात केली होती. आता तू मले अक्कल शिकवशीन का, असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं होतं.

डॉक्टर प्रश्न विचारू लागली. थंडी वाजते? केस गळतात? दिवसभर झोप येते? आवाज बसलाय? विसरायला होतं? ललिताबाई प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होत्या आणि प्रत्येक वेळी मागून, अगदी हळू, आणखी एक "हो" येत होता. ललिताबाईंना आधी वाटलं रंजिता आपली नक्कल करते आहे. त्यांनी मागे वळून पाहिलं. रंजिता त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होती. वर्षानुवर्षं परक्या मुलखात राहिलेल्या माणसाला अचानक कोणी त्याच्या बोलीत हाक मारावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

डॉक्टर उठली, रंजिताजवळ गेली. तिच्या भुवया बघितल्या, बाहेरच्या टोकांना केसच नव्हते. पायावर बोट दाबून बघितलं. "तुम्हाला किती वर्षांपासून?"

"ते जन्माचीच तशी आहे," ललिताबाई म्हणाल्या. "तिच्याकडे नका पाहू."

"यांचंही रक्त घेते."

"तिचं कायले? ते काही बिमार नाही. सुस्त आहे."

रंजितानं पिशवी खाली ठेवली. बाही वर केली आणि हात टेबलावर पुढे केला.

"घ्या," ती म्हणाली.

रिपोर्ट घेऊन हेमराज घरी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. ललिताबाईंच्या रक्तातला थायरॉइडचा आकडा, जो कमतरता असली की चढतो, वाढलेला होताच, डॉक्टरनं डोस थोडा वाढवून दिला होता आणि दीड महिन्यानं पुन्हा तपासायला सांगितलं होतं. रंजिताचा आकडा मशीनला मोजताच आला नव्हता. मशीनचं माप जिथे संपतं त्याच्या वरच, असं लिहून आलं होतं.

"मशीन बिघडली असन," ललिताबाई म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणे, हे कितीतरी वर्षांचं आहे," हेमराज चपला न काढताच उंबऱ्यावर बसला. "म्हणे, मूल नाही टिकलं तेबी यानं असू शकते. मले विचारे, एवढे दिवस तुम्ही लोक करत काय होते?"

रंजिता विळीवर वांगी चिरत होती. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हती?"

हेमराज वाकून चपला काढू लागला. कृष्णराव दुकानात काही राहिलंय असं म्हणत निघून गेले. तो प्रश्न ललिताबाईंनाच होता की हवेला, ते कळलं नाही. रंजितानं पुन्हा वांगं हातात घेतलं आणि विळीकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "आळशी नव्हती मी."

त्या दिवसापासून घरात सकाळी दोन पेले पाण्याचे भरू लागले. दोघी जावा माजघरात दोन भिंतींना टेकून चहाची वाट बघत बसायच्या. एकमेकींशी अवाक्षर नाही. रंजिताचा डोस बारीक होता, टप्प्याटप्प्यानं वाढवायचा होता. ती उतावीळ नव्हती. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला आणखी महिन्यांचं काय?

ललिताबाईंना दम कुठला? पंधरा दिवसांत दुकानाच्या गादीवर परत बसायचं होतं. कृष्णरावांच्या त्या विनोदाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. एका गोळीनं माणूस हळूहळू सुधारतो, तर दोन गोळ्यांनी भराभर सुधारेल, हा हिशेब न कळणारी डॉक्टरीण त्यांना कवडीमोलाची वाटली. त्यांनी चोरून दोन-दोन घ्यायला सुरुवात केली आणि दीड महिन्यानं करायची तपासणी टाळली.

सुरुवातीला जादूच झाली. रजई गेली. श्रावण लागेपर्यंत बाई अशा कामाला लागल्या की कृष्णराव दुकानाच्या मागच्या दारानं ये-जा करू लागले. त्यांनी सगळी कपाटं उपसली, विणकरांना शिव्या घातल्या, शेजारणीशी नालीवरून भांडण उकरून काढलं. रात्री झोप येत नव्हती, तर झोप म्हणजे वेळेची नासाडी, असं त्या सांगू लागल्या. मग बांगड्या मनगटावरून गळू लागल्या. गिऱ्हाइकापुढे पदर धरला तर पदर थरथरायचा. छातीत लाह्या फुटल्यासारखं व्हायचं. राखीच्या आदल्या दिवशी, दुकानात गर्दी असताना, पायरी चढता चढता त्या खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. ओठ पांढरे, अंगभर घाम.

त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं ते रंजितानं. कृष्णराव गिऱ्हाईक सोडून जावं की नाही याचा विचार करत उभे होते.

"दोन घ्यायला कुणी सांगितलं?" डॉक्टर पहिल्यांदाच चिडली. "हृदय बंद पडलं असतं. ही गोळी टॉनिक नाही, काकू. तुमच्या गळ्यात जे काम आपोआप व्हायचं ते आता ही करते. मापानंच चालते. तुमच्या मापानं नाही."

काही दिवस गोळी बंद, मग पुन्हा एकच, असं ठरलं. डॉक्टरनं गोळ्यांचं पाकीट रंजिताच्या हातात दिलं. "यांच्याकडे ठेवू नका."

तेव्हापासून रोज सकाळी रंजिता त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. तळहातावर एक गोळी ठेवायची, पाणी द्यायची आणि गिळेपर्यंत हलायची नाही.

"गिळली ना आता. जा," ललिताबाई म्हणायच्या.

"तोंड उघडा."

"मी काय लहान पोर आहे?"

"पोर ऐकते, बाई. तोंड उघडा."

आणि ज्यांच्या तोंडाला सगळी गल्ली घाबरायची त्या ललिताबाई तोंड उघडून दाखवायच्या.

दसऱ्यापर्यंत रंजिताच्या चेहऱ्यावरची सूज उतरली आणि खालून एक ओळखीची मुलगी निघाली. फरशी पुसून वाळायच्या आत ती स्वयंपाकघरात असायची. आवाज मोकळा झाला. एकदा परसात कपडे वाळत घालताना ती कशावर तरी खळखळून हसली, तर हेमराज कोण आलं म्हणून बघायला बाहेर आला. पानठेला सुटला त्याचा. घरात तो बायकोकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा, जरा भीत भीत.

ललिताबाईंच्याही लक्षात एक गोष्ट आली होती. रंजिता आता त्यांच्याकडे सरळ बघायची. त्या नजरेत राग असता तर त्यांनी तो ओळखला असता, परतवलाही असता. त्यात राग नव्हता. आंबलेला भात बघून बाई नाक न मुरडताच पातेलं बाजूला सारते, तसं ते बघणं होतं. हे बघणं कुठे पाहिलंय, हे त्यांना बरेच दिवस आठवेना. मग आठवलं, त्यांचंच होतं ते.

दिवाळीला त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला कोसा काढला. मधाच्या रंगाचा, काठ दातेरी, करवती. तो रंजिताच्या पुढ्यात ठेवला.

"घे. तुले हा रंग शोभन."

"काहून?"

"काहून म्हणजे? सण आहे."

"सण दरवर्षी येत होता." रंजितानं साडीला हात लावला नाही.

"मले काय माहीत होतं वं, तुले बिमारी आहे म्हणून? मी का डॉक्टर आहे?"

"बिमारी नव्हती माहीत. मी तं माहीत होती ना?" रंजिताचा आवाज चढला नाही. "या घरात आली तवा जिना दोन उड्यांत चढत होती मी. तुमच्याच डोळ्यासमोर. धावणारं माणूस एकाएकी खाली काहून बसलं, हे एकदा तरी विचाराचं होतं. तुम्ही नाव ठेवलं. चांगलंच ठेवलं, साऱ्या गावाले आवडलं."

"तुले आता तोंड फुटलं."

"हो. डॉक्टरीण म्हणे, आवाजबी त्यानंच बसला होता." तिनं साडीची घडी हलकेच परत त्यांच्याकडे सरकवली. "दुकानात ठेवा. विकन."

माफ कर, हे दोन शब्द ललिताबाईंना येत नव्हते असं नाही. गिऱ्हाईक पायरीवर असताना त्या ते कितीदा म्हणत. पण इथे ते ओठांपर्यंत आले आणि त्यांनी साडी उचलून काखेत मारली. "नाही तं नाही. गरज कोणाले पडली?" असं म्हणत त्या बाहेर निघून गेल्या.

संक्रांतीनंतर हेमराज आणि रंजिता साकोलीला गेले. महामार्गालगत गाळा मिळाला होता. नागझिऱ्याला वाघ बघायला येणारी मंडळी थांबतात तिथे कोशाच्या साड्या आणि शेले ठेवायचे, अशी कल्पना रंजिताची होती. माल मोहाडीच्याच विणकरांचा. निघताना तिनं गोळ्यांचं पाकीट ललिताबाईंच्या हातात ठेवलं.

"एकच," ती म्हणाली. पायाला हात लावला, तोही रीतीपुरता, आणि ऑटोत बसली.

पुढच्या तपासणीत ललिताबाईंचा आकडा अगदी जागेवर आला. डॉक्टर खूश झाली. आता हाच डोस, म्हणाली. बाई ठणठणीत झाल्या. केस परत आले, जीभ परत आली, तो विसरलेला शब्दही परत आला. फक्त ती जीभ चालवायची कोणावर हा प्रश्न उरला. कृष्णरावांना आता ऐकूच येत नाहीसं झालं होतं, निदान घरात तरी. मोलकरणीला एकदा बोलल्या, तर ती तिसऱ्या दिवशी काम सोडून गेली. सकाळी तासभर माजघरात एकटं बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच वाटू लागली.

फाल्गुनात एक दिवस, मोहाडीचा माल साकोलीला नीट पोचला की नाही ते बघून येते, असं कृष्णरावांना सांगून त्या एसटीत बसल्या. मालासाठी जायची गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

गाळा छोटा होता, पण गच्च भरलेला. नागपूरच्या दोन गाड्या बाहेर उभ्या होत्या. रंजिता गादीवर गुडघा रोवून बसली होती आणि तिच्या हातातून पदर असे सुटत होते की समोरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. पदर फेकायची ही ढब तिला कोणी शिकवली नव्हती. वर्षानुवर्षं दारात चहाचे कप घेऊन उभी असताना ती बघत आली होती.

तिनं मान वर केली. "बसा," म्हणाली. शेजारच्या टपरीवर हात करून एक चहा मागवला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली.

ललिताबाई कोपऱ्यात बसल्या. चहा आला, त्यांनी घेतला. बराच वेळ गेला. गिऱ्हाइकांतल्या एका जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईनं त्यांच्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

हातातला काठ रंजितानं बोटानं सरळ केला.

"भंडाऱ्याच्या आहेत," ती म्हणाली.

"हो," ललिताबाई म्हणाल्या. "भंडाऱ्याची."

गादीवर नापसंत साड्यांचा ढीग पडला होता. ललिताबाईंनी कप बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि त्यातली एक साडी ओढून घेतली. काठाला काठ लावून तिची घडी घातली. मग दुसरी घेतली. रंजितानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, घाला म्हणाली नाही, राहू द्या असंही म्हणाली नाही. नवीन पदर उलगडत राहिले आणि भंडाऱ्याची बाई मान खाली घालून एकामागून एक घड्या घालत राहिली.